रांग कोणाची आणि पैसा कोणाचा?

समाजवादाची टिंगल करावयाची झाली की गेली कित्येक वर्षे एकच चित्र पुढे केले जाते, आणि ते म्हणजे रांगेचे. पूर्व जर्मनीतील नागरिक ट्राबांट मोटारीसाठी नाव नोंदवून दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ वाट पाहत असे. आपल्याकडे लग्नाआधी नोंदवलेली बजाजची स्कूटर मूल शाळेत जाऊ लागल्यावर दारात येई. या दोन हकीकती सांगून झाल्या की निष्कर्ष तयारच असतो: समाजवाद म्हणजे रांग, आणि मोकळा बाजार म्हणजे रोख पैसे टाका व माल उचला. आपले तरुण कार्यकर्ते या युक्तिवादापुढे पुष्कळदा निरुत्तर होतात. त्यांच्या उपयोगासाठी आज एका मोटारीची कथा सांगावयाची आहे. ही मोटार झ्विकाऊच्या सरकारी कारखान्यातली नाही, आणि परवाना-पद्धतीच्या काळातल्या आकुर्डीचीही नाही. ती कॅलिफोर्नियाची आहे, आणि भांडवलशाहीच्या सर्वांत झगझगीत दुकानात मांडलेली आहे.

१६ नोव्हेंबर २०१७ च्या रात्री लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्न येथे टेस्ला कंपनीने विजेवर चालणाऱ्या आपल्या मालट्रकचे अनावरण केले. समारंभ संपत आला असे वाटत असतानाच त्या ट्रकच्या पोटातून एक तांबडी स्पोर्ट्स मोटार बाहेर आली. तिचे नाव रोडस्टर. उभ्या स्थितीतून ताशी ९६ किलोमीटरचा वेग ती १.९ सेकंदांत घेईल, तिचा कमाल वेग ताशी ४०० किलोमीटरच्या वर जाईल, आणि एकदा वीज भरली की सुमारे १,००० किलोमीटर धावेल, असे कंपनीचे प्रमुख एलॉन मस्क यांनी जाहीर केले. किंमत दोन लाख डॉलरपासून पुढे. नाव नोंदवावयाचे तर ५० हजार डॉलर आगाऊ. आणि ज्यांना पहिल्या एक हजार मानाच्या मोटारींपैकी एक हवी असेल त्यांनी अडीच लाख डॉलरची संपूर्ण किंमत त्याच वेळी भरावयाची. मोटार मिळणार २०२० साली.

२०२० साल आले आणि गेले. मग २०२२ चा वायदा झाला, मग २०२३ चा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगण्यात आले की त्या वर्षअखेर मोटारीचे अंतिम रूप दाखवू आणि २०२५ मध्ये ती ग्राहकांना देऊ. २०२५ साल संपले तेव्हा एकाही ग्राहकाच्या दारात ही मोटार उभी नव्हती. दरम्यान, ६ फेब्रुवारी २०१८ रोजी मस्क यांनी आपल्याच दुसऱ्या कंपनीच्या अग्निबाणाला पहिल्या पिढीतील एक जुनी रोडस्टर बांधून ती सूर्याभोवती फिरावयास पाठवून दिली. म्हणजे जुनी रोडस्टर मंगळाच्या कक्षेपलीकडे जाऊन आली, आणि नवी मात्र आठ वर्षांत कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली नाही.

येथे कोणी म्हणेल, यंत्रशास्त्र आहे, उशीर व्हावयाचाच. ते खरे आहे. पण आपल्याला उशिराचा विचार करावयाचा नाही, पैशाचा करावयाचा आहे. अडीच लाख डॉलरच्या एक हजार मोटारी म्हणजे पंचवीस कोटी डॉलर. सर्व हजार जागा भरल्या होत्या असे धरले, तर एवढी रक्कम एकही चाक न बनवता गोळा होते. ती गोळा झाली कोणत्या वेळी, हेही पाहावयास हवे. २०१७ साली टेस्ला कंपनीला सुमारे १९६ कोटी डॉलरचा तोटा झाला होता. ‘मॉडेल ३’ ही स्वस्त म्हणवली जाणारी मोटार कारखान्यातून ठरल्या गतीने बाहेर पडत नव्हती, आणि तिच्यासाठी प्रत्येकी एक हजार डॉलर भरून साडेचार लाखांच्या आसपास लोक रांगेत उभे होते. त्या वर्षअखेर कंपनीच्या ताळेबंदात ग्राहकांच्या आगाऊ रकमा होत्या सुमारे ८५ कोटी डॉलर. ‘मॉडेल ३’ च्या नोंदणी-करारातच लिहिलेले होते की ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली जाणार नाही आणि तिच्यावर व्याजही मिळणार नाही.

बँक कर्ज देते ते तारण घेऊन व व्याज लावून. भागधारक भांडवल देतो तो नफ्यात वाटा मागतो. मोटारीची वाट पाहणारा ग्राहक हा असा एकच सावकार, की जो तारण मागत नाही, व्याज मागत नाही, मुदतही मागत नाही, आणि वर कर्ज देण्याचा मान मिळाला म्हणून आनंद मानतो. ही युक्तीही या कंपनीला नवी नव्हती. २००६ साली पहिली रोडस्टर दाखवली गेली तेव्हा पहिल्या शंभर ग्राहकांनी प्रत्येकी एक लाख डॉलर आधीच भरले होते. त्यांना मोटारी मिळू लागल्या त्या २००८ साली. त्या वेळी मोटारी मिळाल्या, हे नमूद केलेच पाहिजे. त्या अनुभवावरच पुढच्या रांगेचा विश्वास उभा राहिला.

आपल्या वाचकांना येथे मार्क्सच्या एका मुद्द्याचे स्मरण होईल. कामगार महिनाभर राबतो आणि वेतन महिना संपल्यावर घेतो, म्हणजे आपली श्रमशक्ती तो मालकाला उधारीवर देतो, हे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात दाखवून दिले आहे. कामगाराची ही उधारी सक्तीची असते. रोडस्टरच्या ग्राहकाची उधारी हौसेची आहे. परंतु भांडवलाच्या दृष्टीने दोन्हींचा उपयोग एकच: दुसऱ्याच्या पैशावर वेळ मिळवणे.

मग या ग्राहकांसाठी आपण अश्रू ढाळावयाचे काय? मुळीच नाही. पन्नास हजार डॉलर वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे ज्याला परवडते, त्याच्या घरी चूल बंद पडत नाही. त्याच्या दारात दुसऱ्या मोटारी उभ्या असतात. ‘ओपनएआय’ कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जुलै २०१८ मध्ये अशीच नोंदणी केली होती. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस त्यांनी जाहीरपणे सांगितले की वाट पाहून थकल्यामुळे आपण पैसे परत मागितले, पण ज्या पत्त्यावर पत्र धाडले तो पत्ताच बंद झालेला निघाला. त्यावर मस्क यांनी जाहीर उत्तर दिले की चोवीस तासांच्या आत पैसे परत केले आहेत. दोन धनाढ्यांच्या या कलहात आपल्याला रस नाही. त्यातून दिसणारी गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याचा आवाज जगभर ऐकू जातो त्याला रांगेतून एका दिवसात बाहेर पडता येते. रांगेचा खरा जाच होतो तो ज्याला बाहेर पडण्याचा मार्ग नाही त्याला.

कोणी असेही म्हणेल की टेस्लाचे उदाहरण अपवादात्मक आहे, एका लहरी मालकाचे आहे. तर मग फेरारीकडे पाहा. इटलीतील ही कंपनी वायदे पाळते, मोटारी वेळेवर देते आणि तरीही तिच्या ग्राहकांना दीर्घकाळ थांबावे लागते. २०२४ साली तिने साऱ्या जगात मिळून १३,७५२ मोटारी दिल्या, आणि तेवढ्यावर दीडशे कोटी युरोंहून अधिक निव्वळ नफा मिळवला. मागणीपेक्षा पुरवठा कमी ठेवावयाचा, हे तिचे उघड धोरण आहे. तेथे रांग हा व्यवस्थेतला दोष राहत नाही. रांग हाच विकावयाचा माल आहे. जी वस्तू कोणालाही उद्या मिळेल, तिच्यासाठी श्रीमंत माणूस तिप्पट किंमत कशाला मोजील? तेव्हा मोकळ्या बाजारात रांग नसते, हे विधानच खोटे आहे. जेथे रांग नफ्याची तेथे बाजार ती स्वतः उभी करतो.

एवढे सांगून आपण आपली बाजू जिंकली असे समजलो, तर ती आत्मवंचना होईल. आपल्या नावावर जमा झालेल्या रांगांचा हिशेब आपणही दिला पाहिजे. बजाजच्या स्कूटरचे उदाहरण घेऊ. १९७१ मध्ये इटलीच्या पियाज्योशी असलेला करार संपला आणि पुढच्या वर्षी चेतक बाजारात आली. परवाना-पद्धतीमुळे कारखान्याला किती स्कूटरी काढावयाच्या हे दिल्लीत ठरे, आणि मक्तेदारीला आळा घालण्यासाठी १९६९ साली केलेल्या कायद्याचा परिणाम असा झाला की मागणी असूनही उत्पादन वाढवणे अवघड होऊन बसले. मध्यमवर्गीय नोकरदार वर्षानुवर्षे ताटकळला. ज्याचा क्रमांक लागे तो पुष्कळदा तीच स्कूटर चढ्या भावाने दुसऱ्याला विकून मोकळा होई. आणि ज्याच्यापाशी परकीय चलन असे त्याला रांग लागू नव्हती. त्याच्यासाठी निराळा कोटा होता.

या साऱ्याला समाजवाद म्हटले गेले, आणि आपल्यापैकी अनेकांनी ते म्हणू दिले. वस्तुतः कारखाना खाजगी होता, नफा खाजगी होता, स्पर्धेपासूनचे संरक्षण मात्र सरकारी होते. धोका कोणाचा? तर रांगेतल्या माणसाचा. मालकाला न विकल्या गेलेल्या मालाची चिंता नाही, अधिकाऱ्याला परवान्याचा मान, आणि ग्राहकाला वाट. याला समाजवादाची पायरी समजणे ही आपली चूक होती. ट्राबांटचा प्रश्न तर अधिक गंभीर आहे. तेथे कारखाना राज्याचा होता, आणि तरीही काय बनवावे, किती बनवावे, कोणाला आधी द्यावे याबाबत सामान्य नागरिकाला शब्द नव्हता. मालकी समाजाच्या नावावर लिहिली म्हणजे सत्ता समाजाच्या हाती येते असे होत नाही. लोकशाहीवाचून समाजवाद अपुरा आहे असे आपण म्हणतो, त्याचा व्यवहारातला अर्थ हाच आहे.

म्हणून रांग दिसली की ती कोणत्या राजवटीत आहे हे विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ही रांग कोणी निर्माण केली आणि का? दुसरा, वाट पाहण्याच्या काळात पैसा कोणाचा वापरला जातो आणि त्याचे फळ कोणाला मिळते? तिसरा, रांगेतून बाहेर पडण्याची मुभा कोणाला आहे? या तीन प्रश्नांवर घासून पाहिले की हॉथॉर्न, झ्विकाऊ आणि आकुर्डी या तिन्ही रांगांचे खरे रूप दिसू लागते. ज्याच्या हाती दुसऱ्याला थांबवून ठेवण्याचे सामर्थ्य आहे, त्याच्याच हाती सत्ता आहे.

आणि हे सामर्थ्य कधी कधी उलट दिशेनेही वापरता येते. स्वीडनमध्ये टेस्लाच्या दुरुस्ती-कार्यशाळांतील यांत्रिक कामगारांनी ‘इफ मेटल’ या संघटनेच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर २०२३ रोजी संप पुकारला. मागणी एकच: सामूहिक करार करा. कंपनीने नकार दिला. तेव्हा गोदी-कामगारांनी टेस्लाच्या मोटारी जहाजावरून उतरवण्याचे नाकारले, वीजतंत्रींनी दुरुस्ती नाकारली, आणि टपाल-कामगारांनी नव्या मोटारींच्या क्रमांकपट्ट्या पोहोचवणे बंद केले. मोटार तयार, ग्राहक तयार, पैसे भरलेले, आणि क्रमांकाची पट्टी नाही म्हणून गाडी रस्त्यावर आणता येत नाही! कंपनीला न्यायालयात धाव घ्यावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये या संपाला दोन वर्षे पूर्ण झाली तेव्हाही करार झालेला नव्हता. संपकऱ्यांची संख्या थोडी आहे आणि कंपनी प्रचंड आहे, त्यामुळे लढ्याचा शेवट काय होईल ते आज सांगता येत नाही. पण ज्या मोटारीची वाट पाहावयाची ती अखेर किती हातांतून जाऊन दारात येते, हे त्या टपाल-कामगारांनी साऱ्या जगाला दाखवून दिले.

आता आपल्या दाराशी या. २०१६ साली ‘मॉडेल ३’ साठी भारतातूनही हजार-हजार डॉलर भरले गेले होते. मोटार काही आली नाही. २०२५ च्या मे महिन्यात या जुन्या नोंदणीदारांना पैसे परत करण्याची पत्रे गेली, आणि जुलैत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात कंपनीचे भारतातील पहिले दालन उघडले. उद्घाटनाला राज्याचे मुख्यमंत्री होते. सर्वांत स्वस्त मोटारीची किंमत सुमारे साठ लाख रुपये. सप्टेंबरमध्ये पहिली मोटार ज्यांच्या हाती पडली ते होते राज्याचे परिवहन मंत्री. नऊ वर्षे कोण थांबले आणि पहिला क्रमांक कोणाचा लागला, यावर अधिक भाष्य नको.

त्याच वर्षी मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के वाहनकर सुचवण्यात आला होता. महिना संपण्याआधीच तो मागे घेतला गेला. या करातून फारसे उत्पन्न मिळणार नाही आणि विजेच्या वाहनांबाबत चुकीचा संदेश जाईल, असे कारण देण्यात आले. संदेश योग्य जावा याची काळजी आपल्याला समजते. परंतु त्याच वर्षी जानेवारीत एस.टी.चे भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले, आणि ९ मे पासून मुंबईत बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. साठ लाखांच्या मोटारीवर कर बसला तर चुकीचा संदेश जातो, आणि मोलकरणीच्या तिकिटाचे पैसे दुप्पट झाले तर कोणता संदेश जातो?

भाड्यापेक्षाही मोठा प्रश्न थांब्यावरचा आहे. २०१० च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्या खाली आल्या होत्या, आणि त्यांतल्याही बहुसंख्य कंत्राटदारांच्या होत्या. शहर वाढले आणि बस घटली, की रांग वाढते. या रांगेत उभ्या राहणाऱ्याच्या नोंदणीची पावती नसते. त्याचे थांबणे कोणत्याही ताळेबंदात येत नाही. त्याचा अर्धा तास म्हणजे कारखान्यातला खाडा, दुकानदाराची बोलणी, पाळणाघरात ताटकळणारे मूल. रोडस्टरचा ग्राहक आठ वर्षे वाट पाहतो तेव्हा त्याचे आयुष्य थांबत नाही. बसच्या रांगेतल्या बाईचे रोज थोडेथोडे आयुष्य थांबते, आणि ते तिला कोणी चोवीस तासांत परत करीत नाही.

तेव्हा आपण काय मागावे? दोन मागण्या तूर्त पुरेशा आहेत. पहिली ग्राहकांच्या आगाऊ रकमेबाबत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बिल्डरला बंधन घातले की घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातील सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि त्याच बांधकामावर खर्च करावी. फसलेल्या सामान्य घरग्राहकांच्या दीर्घ आरड्याओरड्यातून हा कायदा आला. जे तत्त्व घराला लागू आहे ते मोटारीला, स्कूटरला, आगाऊ पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला लागू व्हावे: रक्कम वेगळ्या खात्यात, पोचवण्याची तारीख लेखी, आणि तारीख चुकली तर व्याजासह परतफेड. याचा लाभ श्रीमंत ग्राहकाला होईल हे खरे. पण त्याहून अधिक लाभ होईल तो कर्ज काढून विजेची रिक्षा किंवा दुचाकी नोंदवणाऱ्याला, ज्याचे हजार रुपयेही अडकले तर हप्ता चुकतो.

दुसरी मागणी कराची. चैनीच्या मोटारीवर, मग ती पेट्रोलवर चालो वा विजेवर, कर बसलाच पाहिजे, आणि त्याचे उत्पन्न थेट सार्वजनिक बससेवेला मिळाले पाहिजे. उत्पन्न थोडे असेल तर थोड्या बस येतील. पण कोणासाठी कोणी थांबावयाचे, याविषयीचे राज्याचे मत त्यातून स्पष्ट होईल.

येत्या काळात वॉर्डावॉर्डांत सभा घेताना कोणी आपल्याला स्कूटरच्या रांगेची आठवण करून देईल, तेव्हा कार्यकर्त्यांनी गप्प बसू नये आणि चिडूही नये. ती रांग चुकीची होती हे आधी मान्य करावे. मग कॅलिफोर्नियातल्या तांबड्या मोटारीची हकीकत सांगावी. आणि सभा संपल्यावर विचारणाऱ्याला बरोबर घेऊन जवळच्या बसथांब्यावर जावे. पुढचे बोलणे तेथे, बस येईपर्यंत करावे. वेळ पुष्कळ मिळेल.